शिवणीची धावपट्टी

व्याख्यानमालेच्या पत्रिकेत विमानतळाचा विषय छापला गेला म्हणजे व्यासपीठावर एखादा वैमानिक किंवा निदान इंजिनिअर येईल, अशी अपेक्षा असते. मी ह्या दोहोंपैकी कोणीच नाही. हमाल, मालमोटारींवरचे कामगार आणि जिनिंग-प्रेसिंगमधील मजूर ह्यांच्या संघटनेत माझी तीस वर्षे गेली. शाळा लवकर सुटली, आणि पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतील बाकावर बसून झाले. परंतु ज्याने मालाची चढउतार रोज पाहिली, त्याला वाहतुकीचा इतिहास परका नसतो. गाडी कशासाठी आली, ती कोणी भरली, कोणी उतरवली आणि एके दिवशी ती का बंद पडली, हे प्रश्न त्याला आपोआप सुचतात. तेच प्रश्न मी आज शिवणीच्या विमानतळाला विचारणार आहे.

आपल्या जठारपेठेतून निघून मूर्तिजापूर-अमरावतीच्या दिशेने हमरस्त्याला लागले, की शहराबाहेर शिवणी लागते. तेथली धावपट्टी १९४३ साली बांधली गेली. म्हणजे ती स्वतंत्र भारताहून, महाराष्ट्र राज्याहून आणि शेजारच्या कृषि विद्यापीठाहूनही वयाने वडील आहे. ह्या ऐंशीहून अधिक वर्षांत तेथे सरकारी विमाने उतरली, पुढारी उतरले, निवडणुकीच्या हंगामात हेलिकॉप्टरांची वर्दळ झाली. परंतु अकोल्याच्या साध्या नागरिकाने तिकीट काढावे, ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी विमानात बसावे आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालावा, अशी नियमित सेवा तेथे मूळ धरू शकली नाही. असे का व्हावे? धावपट्टी आखूड, जमीन मिळत नाही, पुढाऱ्यांचे वजन पडत नाही, अशी उत्तरे आपण चौकाचौकांत ऐकतो. त्या प्रत्येकात काही तथ्य आहे. पण इतिहास पाहिला तर ही उत्तरे अपुरी पडतात, असे माझे म्हणणे आहे. धावपट्टी एकदा बांधून होते. विमानतळ मात्र रोज चालवावा लागतो. रोजचे काम ठरलेले नसेल तर कितीही लांबीची धावपट्टी हे नुसते डांबराचे मैदान राहते.

लोहमार्गाचा धडा

विमानाकडे वळण्यापूर्वी आपण आगगाडीकडे पाहू, कारण वऱ्हाडात यंत्राच्या वाहतुकीचे पहिले पाऊल तिचेच. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग भुसावळकडून अकोला, बडनेरा करीत १८६७ साली नागपूरला पोहोचला. अमरावती कापसाची मोठी पेठ, पण मुख्य मार्गाच्या बाजूला पडली. तिला बडनेऱ्याहून फाटा काढून द्यावा लागला. खामगावचीही तीच गोष्ट. जलंबहून खामगावचा फाटा १८७० साली सुरू झाला, तेव्हा त्याच्या उद्घाटनास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. इंग्रज सरकारचा सर्वोच्च अधिकारी आठ मैलांच्या फाट्यासाठी खामगावला येतो, ह्याचे कारण खामगावकरांवरचे प्रेम खासच नव्हे. रुईची गाठ मुंबईच्या बंदरात लवकर पोहोचावी, एवढेच ते कारण होते.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. रेल्वे परक्याच्या गरजेसाठी आली, तरी ती रोज धावली. रोज गाडी यायची म्हणून रोज हमाल लागला, बैलगाडीवाला लागला, तोलारी लागला, प्रेस चालवणारा फिटर लागला. स्टेशनाभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, मागाहून सूतगिरण्या व कापडगिरण्या आल्या, डाळमिली आल्या, आणि अकोला शहराचा निम्मा संसार लोहमार्गाच्या आधाराने मांडला गेला. लोखंडी रुळांनी शहर वाढवले असे आपण म्हणतो. पण शहर वाढवले ते रुळांवरून रोज जाणाऱ्या गाडीने.

ह्याची उलट बाजूही वऱ्हाडातच पाहावयास मिळते. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर ह्यांना जोडणारी अरुंद मापाची शकुंतला विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कापसासाठीच बांधली गेली. किलिक निक्सन ह्या इंग्रजी पेढीच्या व्यवस्थेखालची ही गाडी देश स्वतंत्र झाल्यावरही कितीतरी वर्षे चालली. गरीब माणसाला तिचे भाडे परवडे. परंतु कापूस मालमोटारीने जाऊ लागला, मार्गाची डागडुजी मागे पडली, फेऱ्या कमी झाल्या आणि गेल्या काही वर्षांत ती थांबली. गाडीच येत नसेल तर स्टेशन ही एक नुसती इमारत होऊन बसते. हे ज्या माणसांनी डोळ्यांदेखत पाहिले, त्यांना शिवणीचा प्रश्न समजावून सांगण्याची फारशी गरज नाही.

१९४३ सालाचा अर्थ

आता त्या सालाकडे येऊ. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलकत्त्यावर बाँब पडले. तोपर्यंत हिंदुस्थानातील इंग्रजी लष्कराचे तोंड वायव्य सरहद्दीकडे होते. ते एकाएकी पूर्वेकडे वळवावे लागले. माणसे, विमाने आणि सामान पश्चिमेच्या बंदरांतून बंगाल-आसामकडे नेण्यासाठी मध्य हिंदुस्थान हा वाटेवरचा प्रदेश ठरला. देशभर धावपट्ट्या बांधण्याचा सपाटा सुरू झाला. नागपूरचे सोनेगाव इंग्रजी हवाई दलाने युद्धकार्यासाठी वापरले. त्या काळची विमाने आजच्यासारखी एका दमात लांबचा पल्ला गाठणारी नव्हती. वाटेत इंजिन बिघडले, इंधन संपले किंवा हवा बिघडली तर उतरण्याजोगे सपाट मैदान ठिकठिकाणी असणे आवश्यक असे. मुंबई आणि नागपूर ह्यांच्या दरम्यान असलेल्या अकोल्यात सार्वजनिक बांधकाम खात्याने १९४३ साली धावपट्टी का बांधली असावी, ह्याचा अंदाज सालावरूनच बांधता येतो. अकोल्याच्या व्यापाऱ्याला मुंबईस जायचे होते म्हणून ती बांधली गेली नाही, हे निश्चित.

आणि ते दिवस कसे होते, तेही ध्यानात घ्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी येथे आणि आपल्या अमरावती जिल्ह्यात यावली, बेनोडा येथे लोकांनी उठाव केला, गोळीबार झाले, माणसे मेली. त्यानंतर अवघ्या वर्षभरात त्याच सरकारचे खाते वऱ्हाडच्या मातीत विमानांसाठी पट्टी आखत होते. राजकीय सत्तेचीही मौज होती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, कारभार मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारचा, नागपुराहून चालणारा, आणि हुकूम लंडनचा. विमान ज्याचे, त्याला ह्या मातीशी कर्तव्य नव्हते. आणि माती ज्याची, त्याला विमानात स्थान नव्हते.

धावपट्टी बांधणे म्हणजे काय, हे बांधकामावरच्या मजुराला विचारावे. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती फुगते आणि चिकटून बसते. कपाशीला ही माती आईसारखी, पण तिच्यावर बांधलेला रस्ता ती टिकू देत नाही. म्हणून आधी वरची माती खणून काढावयाची, मग मुरूम भरावयाचा, तो पाणी मारून दाबावयाचा, त्यावर मोठी खडी, मग बारीक खडी, रुळाची फिरती आणि शेवटी डांबर. पाणी निघून जाण्यासाठी दोन्ही बाजूंस नाल्या काढावयाच्या. त्या काळात मातीकाम म्हणजे हाताचे काम होते. पुरुषाच्या हाती कुदळ-फावडे, स्त्रीच्या डोक्यावर घमेले. कोणत्याही कोनशिलेवर ह्या माणसांची नावे कोरण्याची रीत आपल्याकडे नाही. विमानतळाचा इतिहास लिहिणारे उद्घाटकाचे नाव लिहितात. मी एवढेच सांगू इच्छितो, की ह्या इतिहासाचे पहिले पान घमेल्याने लिहिलेले आहे.

युद्ध संपले, इंग्रज गेले. ज्या कामासाठी अशा पट्ट्या बांधल्या, ते काम संपले. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. फलक बदलले, खाती बदलली, परंतु शिवणीच्या पट्टीला नवे रोजचे काम कोणी नेमून दिले नाही.

नागपूरची मध्यरात्र

रोजचे काम म्हणजे काय, ह्याचे उत्तम उदाहरण फार दूर नाही. युद्धानंतर अमेरिकन लष्कराची डाकोटा विमाने स्वस्तात विकावयास निघाली आणि आपल्याकडे अनेक विमान कंपन्या उभ्या राहिल्या. ३० जानेवारी १९४९ रोजी, म्हणजे महात्माजींच्या पहिल्या पुण्यतिथीस, रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. त्या वेळी दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई होते. योजना अशी होती: मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ह्या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपाल व थोडे उतारू घेऊन निघावयाचे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरला एकत्र यावयाची. तेथे थैल्यांची अदलाबदल व्हावयाची, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या गावी परत. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रेसुद्धा, वेगळा आकार न घेता, विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासेत वाटले जाऊ लागले. १९५३ साली आठ कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स निर्माण झाली, तिने हे काम पुढे चालवले, आणि १९७३ पर्यंत ते चालले.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे खरे. पण नुसते मध्यावर असून भागत नाही. रात्री दोन वाजता विमानाच्या पोटातून थैल्या ओढणारा हमाल हवा, मुंबईची थैली मद्रासच्या विमानात जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसणारा टपाल कारकून हवा, दिवे लावणारा, हवेचा अंदाज सांगणारा, इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा मेकॅनिक, अग्निशामक पथक, आणि त्या सगळ्यांना चहा पाजणारा उपाहारगृहातला पोऱ्यादेखील हवा. थंडीत आणि पावसात, रात्रीमागून रात्र हे काम झाले, म्हणून नागपूर भारताच्या हवाई नकाशावर पक्के बसले. शिवणी आणि सोनेगाव ह्यांच्यातील फरक मातीत नव्हता. एका ठिकाणी पाळी लागली, दुसऱ्या ठिकाणी लागली नाही. कामगारांच्या भाषेत पाळी म्हणजे ठरलेल्या वेळेचे, ठरलेल्या माणसांचे, ठरलेल्या वेतनाचे काम. विमानतळाचा प्राण त्या पाळीपत्रकात असतो.

लहान गावांची विमाने

लहान गावांना विमान द्यावे, ही कल्पना नवी नाही. १९८१ साली वायुदूत ही सरकारी कंपनी त्याच हेतूने स्थापन झाली. डॉर्नियर जातीची एकोणीस आसनांची विमाने घेऊन ती देशातल्या अनेक छोट्या ठिकाणी गेली. परंतु उतारू थोडे, खर्च जास्त, तूट वाढत गेली, आणि नव्वदीच्या दशकात ती कंपनी गुंडाळली गेली. विमाने गेली, पट्ट्या मागे राहिल्या.

आपल्या वऱ्हाडातच पाहा. अमरावतीजवळ बेलोरा येथे १९९२ साली धावपट्टी झाली. १९९७ साली ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली, पुढे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आली. मूळची सुमारे १३७० मीटरची पट्टी वाढवून १८५० मीटर करण्यात आली. आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे पहिले नियमित प्रवासी विमान तेथे उतरले. ते अलायन्स एअरचे एटीआर-७२ जातीचे होते, आणि आरंभी फेऱ्या आठवड्यातून तीन होत्या. पट्टी आणि पहिले तिकीट ह्यांच्यामध्ये तेहतीस वर्षे गेली. पट्टी झाली त्या वर्षी जन्मलेले मूल स्वतः आईबाप होण्याच्या वयाला आले. यवतमाळची कथा आणखी निराळी. २००९ साली राज्य सरकारने नांदेड, लातूर, बारामती, धाराशिव आणि यवतमाळ ही पाच विमानतळे रिलायन्स समूहाच्या कंपनीस पंचाण्णव वर्षांच्या कराराने दिली. पंचाण्णव वर्षे हा काळ माणसाच्या आयुष्याहून मोठा. पण एवढ्या लांबीच्या कराराने यवतमाळला रोजचे विमान दिले नाही.

शेजारच्या प्रांतांतून दुसरेही उदाहरण मिळते. शिर्डीला १ ऑक्टोबर २०१७ रोजी विमानतळ सुरू झाले, आणि देशभरातून येणारे भाविक हे तेथले ठरलेले उतारू होते. नांदेडला गुरुद्वाऱ्याची यात्रा होती. मागणी आधी होती, विमान नंतर आले.

केंद्र सरकारची ‘उडान’ योजना २०१६ साली जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ पासून तिची विमाने उडू लागली. त्या पहिल्याच दिवशी नांदेड-हैदराबाद हा मार्ग सुरू झाला. सुमारे तासाभराच्या प्रवासाचे भाडे, काही ठराविक आसनांपुरते, २५०० रुपयांवर बांधून द्यावयाचे आणि कंपनीची तूट सरकारने तीन वर्षे भरून काढावयाची, असा तिचा सांगाडा. हेतू चांगला होता. पण भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ साली जो अहवाल दिला, तो आपण अकोलेकरांनी नीट वाचण्यासारखा आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांपैकी सुरू झाले ३७१. तीन वर्षांची मुदत पुरी केली ती ११२ मार्गांनी. आणि सरकारी मदत संपल्यावरही जे तगले, ते अवघे ५४. म्हणजे शंभरात सात. विमान आणणे कठीण आहे. पण आलेले विमान टिकवणे त्याहून कठीण आहे, हे ह्या आकड्यांवरून उघड होते.

उन्हाचे गणित

आता धावपट्टीच्या लांबीकडे वळू. शिवणीची पट्टी सुमारे १४०० मीटरची, आणि मागणी १८०० मीटरची. हा आकडा कोठून आला, असे मला अनेकांनी विचारले. काहींना त्यात राजकारण दिसते. मला त्यात आपले ऊन दिसते.

विमानाला उचलते ती हवा. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंखांना भार उचलण्यासाठी अधिक वेग लागतो. वेग घेण्यासाठी अधिक लांब धावावे लागते. उंच ठिकाणीही हवा विरळच. म्हणून विमानतळ आखणाऱ्यांनी एक ढोबळ नियम ठरवला आहे. समुद्रसपाटीवर, पंधरा अंश तापमानात जी लांबी लागते ती घ्यावी. प्रत्येक ३०० मीटर उंचीमागे तीत शेकडा सात मिळवावे. आणि मग त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानापेक्षा जेवढे अंश अधिक, तेवढे टक्के आणखी मिळवावे. तापमान धरावयाचे ते सर्वांत उष्ण महिन्यातल्या रोजच्या कमाल पाऱ्याची सरासरी.

आपण हा हिशेब अकोल्यासाठी करून पाहू. एटीआर-७२ ह्या सत्तर-बहात्तर आसनांच्या विमानाला पूर्ण भाराने उडण्यास आदर्श हवेत सुमारे १३०० मीटर लागतात. अकोला समुद्रसपाटीपासून अंदाजे ३०० मीटर उंच. म्हणून शेकडा सात वाढवले, ९१ मीटर. झाले १३९१. ह्या उंचीवर प्रमाण तापमान १३ अंश. आपल्या मे महिन्याची कमाल सरासरी ४२ धरा. फरक एकोणतीस अंशांचा. १३९१ चे एकोणतीस टक्के सुमारे ४०३. दोहोंची बेरीज १७९४. म्हणजे १८०० च्या उंबरठ्यावर आपण येऊन ठेपलो. युद्धकाळातल्या हलक्या विमानांना शिवणीची पट्टी पुरे होती. आजच्या विमानाला वर्षभर पूर्ण भाराने न्यावयाचे तर वऱ्हाडचे ऊन चारशे मीटरचा कर मागते. मागणी अवास्तव नाही. मात्र हेही लक्षात घ्या, की सकाळच्या गारव्यात किंवा कमी उतारू घेऊन, किंवा लहान विमानाने, आखूड पट्टीवरही काम भागते. वायुदूतची विमाने एकोणीस आसनांची होती ती उगीच नव्हे. किती लांबी हवी, हे कोणते विमान कोणत्या वेळी किती माणसे नेणार, ह्यावर ठरते. आपण मात्र विमान ठरवण्याआधी मीटर मोजू लागलो.

जमीन कोणाची

आणि येथेच खरा पेच येतो. पट्टीच्या शेजारी जमीन आहे ती डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाची आणि लगतच्या शेतकऱ्यांची. विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ ची. पापळसारख्या खेड्यात जन्मलेल्या आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झालेल्या भाऊसाहेबांचे नाव त्याला दिले आहे. ह्या विद्यापीठाने कोरडवाहू शेतकऱ्याला जी वाणे दिली, त्यांत पीकेव्ही हायब्रीड-२ ही कपाशी तर घराघरांत पोहोचली. विस्तारासाठी जमीन द्यावी की देऊ नये, ह्यावर गेली कित्येक वर्षे कागद फिरत आले आहेत.

शहरातला माणूस म्हणतो, थोड्या एकरांसाठी एवढे काय? त्याला मी सांगतो, प्रयोगाची जमीन आणि पडीक जमीन एक नव्हे. ज्या तुकड्यात कोणते खत कधी घातले, कोणते पीक कधी घेतले, पाऊस किती पडला, ह्याची वर्षानुवर्षांची नोंद आहे, ती जमीन म्हणजे एक लिहिलेली वही असते. वहीची पाने फाडून तेवढ्याच आकाराचा कोरा कागद दिला तर भरपाई झाली असे होत नाही. शेतकऱ्याची गोष्ट त्याहून साधी आहे. त्याच्या वावरातून पट्टी जाते आणि त्याला एकरकमी पैसे मिळतात. ते पैसे सरल्यावर तो त्याच पट्टीच्या कुंपणाबाहेर रोजंदारी शोधीत उभा राहतो. हे मी अनेक प्रकल्पांच्या कुंपणाशी पाहिले आहे.

म्हणून विमान नको, असे मी म्हणणार नाही. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस यंत्राचा शत्रू असू शकत नाही. रेल्वेने आम्हाला भाकरी दिली आहे. अकोल्याच्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी वेळेत मुंबईला पोहोचता यावे, येथल्या मुलाला मुलाखतीसाठी रात्रभर डब्यात उभे राहावे लागू नये, पूर आला तर मदत उतरावी, ह्या गरजा खऱ्या आहेत. पण एक भ्रम मात्र सोडला पाहिजे. आपला कापूस विमानाने जाणार नाही. गाठ जड आणि भाव हलका. ती रेल्वेने आणि मालमोटारीनेच जाणार. वरूड-मोर्शीचा संत्राही बहुतेक तसाच जाणार. विमानतळ झाला की शेतमालाला सोन्याचा भाव येईल, असे सांगून शेतकऱ्याची जमीन मागणे हे खोटे बोलणे आहे. जमीन मागावयाची तर जे खरे आहे ते सांगून मागावी.

निवेदनात काय लिहावे

आजवर आपण जी निवेदने दिली त्यांत एकच ओळ असते: धावपट्टी वाढवा. मजुरांच्या लढ्यात आम्ही एक गोष्ट शिकलो. मागणी मोघम असली की आश्वासनही मोघम मिळते. मागणीत आकडे, वेळा आणि नावनिशीवार कामे घातली की समोरच्याला होय किंवा नाही म्हणावे लागते. महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला, तो ‘हमालांचे भले करा’ अशा ओळीने झाला नाही. मजुरी कोठे जमा होणार, नोंद कोण ठेवणार, रजा व भविष्यनिर्वाह निधी कसा मिळणार, हे कलमवार मागितले म्हणून झाला.

तसेच कलमवार निवेदन अकोल्याने द्यावे. पहिले कलम: कोणत्या जातीचे विमान, आठवड्यातून किती दिवस, कोणत्या वेळी, आणि त्यासाठी नेमकी किती लांबी. दुसरे: सरकारी मदतीची तीन वर्षे संपल्यावर तूट कोण सोसणार. तिसरे: विद्यापीठाची जेवढी जमीन घेतली गेली वा जाईल, तिच्याबदली त्याच प्रतीची जमीन आणि प्रयोग हलवण्यास पुरेसा अवधी. चौथे: ज्या शेतकऱ्यांची वावरे जातील त्यांच्या घरातील एकास तरी विमानतळावर कायम नोकरी, कंत्राटी नव्हे; आणि त्यासाठी लागणारे अग्निशमनाचे, यंत्रदुरुस्तीचे शिक्षण आधीपासून. पाचवे: ही सेवा किती दिवस चालली, किती बंद राहिली, ह्याचा हिशेब दरवर्षी नगरवाचनालयासारख्या सार्वजनिक ठिकाणी लावावा.

आणि आपल्याकडूनही एक काम व्हावे. अकोला-वाशीम भागातून महिन्याला किती रुग्ण मुंबईला जातात, किती व्यापारी, किती विद्यार्थी, ह्याची नोंद रुग्णालये, बाजार समिती आणि महाविद्यालये ह्यांनी मिळून ठेवावी. १९४३ साली दुसऱ्याची गरज होती, म्हणून आपल्याला कोणी विचारले नाही. आता गरज आपली आहे, तर ती मोजून मांडण्याचे कष्टही आपलेच. ह्या कामाला वही लागते, पेन्सिल लागते आणि दर महिन्याला न चुकता बसणारी चार माणसे लागतात. ज्यांना ह्यात हात द्यावयाचा असेल, त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावे. पहिल्या पानावर आपण आजच तारीख घालू.